निम्मं माझ्या तोंडाचं

आठवडी बाजारात गुडघेदुखीच्या तेलाची गाडी उभी होती. कर्ण्यावर रेकॉर्ड केलेला आवाज, मागं सहा बाय आठचा फ्लेक्स आणि फ्लेक्सवर आमच्या आक्का. एक हात गुडघ्यावर, कपाळाला आठ्या, बाजूला लाल अक्षरांत ‘उठता-बसता कळा येतात?’ आक्कांच्या नातवानं त्या फ्लेक्सचा मोबाइलवर फोटो काढून घरी दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आक्का माझ्याकडं हजर झाल्या.

“पोरा, माझं गुडघं कुठं दुखत्यात रं?”

माझा स्टुडिओ पहिल्या मजल्यावर आहे. एकोणीस पायऱ्या. त्या चढून, दम न लागता, बाई मला हे विचारत होत्या.

फोटो मीच काढलेला. परदेशी स्टॉक साइटवर मीच चढवलेला. त्यांच्या सहीचा कागद माझ्या कपाटात होता. कागदावर बघितलं तर माझं काहीच चुकलं नव्हतं. 2022 च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तेव्हापासून हे ‘कागदावर बघितलं तर’ डोक्यातून जात नाही.

मी विट्याचा. स्टुडिओ वडिलांनी काढलेला. मागं रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल, कारंजं आणि दोन हंस. मी लग्नं करतो. आमच्या धंद्यात ‘लग्नं करतो’ म्हणजे लग्नाच्या ऑर्डरी घेतो. नवीन माणूस दचकतो म्हणून सांगितलं. शिवाय पासपोर्ट, शाळेची ओळखपत्रं, बारशी, डोहाळजेवणं, हल्ली प्री-वेडिंग. तुळशीच्या लग्नापासून पुढं सात-आठ महिने जेवायला वेळ नसतो. आषाढात देव झोपले की आमचाही धंदा झोपतो. त्या चार महिन्यांत कॅमेऱ्याला बुरशी चढू नये म्हणून 2014 मध्ये मी स्वतःचं काम सुरू केलं. माणसांचे फोटो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं.

व्यंकटेश माडगूळकर आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांचं ‘माणदेशी माणसं’ 1949 मध्ये आलं. आमच्याकडं ज्याच्या हातात कॅमेरा येतो त्याला कधी ना कधी वाटतंच की आपण ती माणसं फोटोत धरावीत. मलाही वाटलं. फक्त मी एक ठरवलं: प्रत्येकानं आयुष्यभर ज्या वस्तूवर पोट भरलं, ती वस्तू हातात घेऊन यायचं. मेंढ्यांची कातर, इळा, शिवणयंत्राचा शटल, कंडक्टरचं तिकिटांचं पंचिंग, सुईणीची परात.

मागं पडदा म्हणून काळी घोंगडी. पहिल्या दिवशी पडदा विसरलो म्हणून एका धनगर मित्राची मागून घेतली आणि मग तीच ठेवली. असा पडदा अजून एकाही कंपनीनं काढलेला नाही. लोकर उजेड पिऊन टाकते. सुरकुती दिसत नाही, चमक येत नाही, आणि चिंचोक्याच्या खळीनं ती इतकी ताठ असते की वाऱ्यावर फडफडत नाही. पावसाची भुरभुर आली की वास मात्र असा सुटतो की शेजारचं कुत्रं येऊन बसतं. लिंबाच्या सावलीत दोन बांबू, त्यावर घोंगडी, डाव्या अंगाला थर्माकोलचा पांढरा तुकडा, पन्नासची लेन्स. एवढाच संसार.

समोर उभं राहिलं की पहिल्यांदा प्रत्येकजण आधार कार्डाचा होतो. हात मांड्यांना चिकटलेले, मान ताठ, डोळे वटारलेले. पहिले दहा फोटो मी फुकट घालवतो. मग कॅमेरा खाली घेऊन म्हणतो, “झालं.” माणूस श्वास सोडतो, खांदे उतरतात, हातातली वस्तू नेहमीच्या सवयीनं धरली जाते. अकरावा फोटो तिथं असतो.

आमचा खानापूर-आटपाडीचा भाग गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळायला इथली पोरं केरळापासून दिल्लीपर्यंत गेली. असेच एक नाना, चाळीस वर्षं दक्षिणेत काढून परत आलेले, फडक्यात गुंडाळून आपली जुनी मूस घेऊन आले. तेजाबानं बोटांची कातडी पिवळी पडलेली. मी म्हटलं, “नाना, जरा हसा की.” ते म्हणाले, “भट्टीम्होरं कोण हासतंय?” मग मी कुणालाच हसायला सांगणं सोडून दिलं.

दोनशे बारा माणसं झाली. प्रत्येकाला बारा बाय अठराची फ्रेम दिली. त्या फ्रेमांचं पुढं काय होतं ते कुठल्याही प्रदर्शनापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं. दोनशे बारांतले एकेचाळीस जण आता नाहीत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी चंदनाचा हार माझ्याच फ्रेमला आहे. फोन येतो, “दादा, आबांचा तो कातरीचा फोटो मोठा करून पाहिजे, दहाव्याला.” त्याचे पैसे मी घेत नाही. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाचा चांगला फोटो म्हणजे त्याच्या मागं राहिलेल्यांची सोय असते, हे म्हातारी माणसं आपल्यापेक्षा चांगलं ओळखून असतात. कित्येकजण फोटोला बसताना स्वतःच सांगतात, “हाराला जागा ठेव.”

आता दुसरी बाजू. 2016 मध्ये एका व्हिडिओत बघितलं की फोटो वेबसाइटवर टाकून ठेवायचे आणि झोपेत डॉलर कमवायचे. धंदा जुनाच आहे. गेटी इमेजेस 1995 ची. 2000 मध्ये कॅनडात आयस्टॉकफोटो निघालं आणि स्वस्तात फोटो विकायची चाल पडली. सहा वर्षांत गेटीनं ते पाच कोटी डॉलरला विकत घेतलं. शटरस्टॉक 2003 मध्ये एका माणसानं स्वतःच्याच तीस हजार फोटोंवर सुरू केलं. आधी जाहिरातवाला फोटोग्राफरला बोलवायचा, आता महिन्याची वर्गणी भरतो आणि फोटो उचलतो. यात फोटोग्राफरला काय मिळतं ते व्हिडिओत सांगत नाहीत. मी सुरू केलं तेव्हा वर्गणीदारानं एक फोटो घेतला की मला पंचवीस सेंट, म्हणजे सतरा-एक रुपये मिळायचे. 2020 च्या जूनमध्ये, लॉकडाउनमध्ये लग्नं बंद असताना, मी ज्या साइटवर होतो तिनं दर बदलले. नव्या हिशेबात एका फोटोचे कमीत कमी दहा सेंट. साडेसात रुपये. आमच्या स्टँडवर त्या वेळी चहा दहाला होता.

विकलं काय जातं हेही ऐका. माझा सगळ्यात जास्त गेलेला फोटो आहे पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या सात हळकुंडांचा. सांगलीच्या बाजारातून पावशेर आणली, खिडकीत ठेवून अर्ध्या तासात काढला, नंतर बायकोनं दळून आणली. त्याच्या मागोमाग पाचशेच्या नोटा मोजणारा हात (हात माझाच), ठिबकचा एक थेंब, पिठलं-भाकरीचं ताट. ज्या माणसांपाशी मी दिवस दिवस घालवले त्यांचे फोटो अगदीच थोडे जायचे. तरी मी ते टाकले. संग्रह मोठा दिसला पाहिजे, रोज काहीतरी चढवलं पाहिजे, या नादात.

माणसाचा फोटो जाहिरातीसाठी विकायचा तर त्याची लेखी संमती लागते. धंद्यात याला मॉडेल रिलीज म्हणतात. संमती नसेल तर फोटो फक्त बातमी-लेखापुरता विकता येतो. माझा फॉर्म इंग्रजीत होता, गच्च एक पान. आक्कांची सही घेताना मी म्हणालो, “आक्का, हितं सही करा, फोटो बाहेर जाणार हाय.” त्यांनी विचारलं, “कुठं?” मी म्हटलं, “अमेरिकेला.” त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही एक एक अक्षर जुळवत केली. साक्षीदार म्हणून सही केली माझ्या मदतनीस पोरानं, जो सगळ्याच फॉर्मवर न बघता करतो.

पुढची गोष्ट सांगायला मला वेळ लागला. फ्लेक्स बघितल्यावर पहिला राग मला तेलवाल्याचा आला. मग फ्लेक्स छापणाऱ्याचा. तो म्हणाला, “नेटवरनं घेतला साहेब, सगळेच घेतात.” विकत घेतला की कुठून उचलला, कळायला मार्ग नव्हता, साइटवर मला कुठल्या देशात किती फोटो गेले एवढंच दिसतं, घेणारा दिसत नाही. बड्या साइटींच्या परवान्यात माणसाला आजारी दाखवायचं नाही असं कलम असतं. मी मेल केला. उत्तर आलं की तक्रार संबंधितांकडं पाठवली आहे.

त्याच रात्री मी तो फोटो साइटवर उघडला आणि खाली मीच भरलेले शब्द वाचले. फोटो सापडावा म्हणून पन्नासपर्यंत शब्द टाकता येतात, आणि जितके जास्त तितकं बरं असं शिकवलं जातं. मी लिहिलं होतं: ओल्ड, वुमन, रूरल, इंडियन, पूअर, पॉव्हर्टी, लोनली. आणि शेवटी, यादी संपता संपता: नी, पेन.

आक्का दगडावर बसल्या होत्या. हात ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो गुडघ्यावर होता. समोर ऊन आलं म्हणून आठ्या होत्या. त्यांचं डाळिंबाचं चार एकराचं रान आहे, दोन मजली घर आहे, तीन सुना आहेत आणि एकटं बसायला मिळावं म्हणून त्या मळ्यात जातात. गरीब, एकाकी आणि गुडघेदुखीच्या पेशंट त्यांना मी केलं होतं, घरी बसून, दोन मिनिटांत, साडेसात रुपयांसाठी. तेलवाल्यानं फक्त माझा शब्द खरा धरला.

इंग्रजांनी हे फार पद्धतशीर केलेलं आहे. 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. जाती-जमातींचे नमुने म्हणून माणसांचे फोटो चिकटवलेले आणि शेजारी त्या जमातीचा स्वभाव लिहिलेला. बहुतेकांना नाव नाही. अशा पुस्तकांवर आपण शंभर वेळा टीका वाचतो, आणि रात्री घरी बसून ‘पूअर, रूरल’ टाइप करतो. आपल्याकडं फोटोग्राफी आली ती काही उशिरा नव्हे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या काळातले फोटोग्राफर. इतक्या वर्षांचा कॅमेरा हाताशी असून समोरच्या माणसाचं नाव लिहायची सवय आपल्याला लागलेली नाही. माझ्या फ्रेमांच्या मागं नाव, गाव, वस्तू लिहिलेली आहे. साइटवर नावाचा रकानाच नव्हता, आणि मला तो कधी चुकल्यासारखा वाटला नव्हता.

आक्कांना मी हे सगळं सांगितलं. शब्दांचंही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, “किती मिळालं?”

मी हिशेब काढला. पाच वर्षांत अकरा डॉलर आणि वर काही सेंट. रुपयांत नऊशेच्या आत.

“मग निम्मं दे,” त्या म्हणाल्या. “निम्मं तुझ्या मशिनीचं, निम्मं माझ्या तोंडाचं.”

मी साडेचारशे दिले. त्यांनी दोनदा मोजले, कनवटीला लावले आणि एकोणीस पायऱ्या उतरून गेल्या.

हे निम्म्याचं गणित मी नंतर आमच्या फोटोग्राफर मंडळींच्या बैठकीत मांडलं, तर हशा झाला. एकजण म्हणाला, सही आहे ना, मग विषय संपला. दुसरा म्हणाला, साडेसातातले निम्मे दिल्यावर आपल्याला उरणार काय? प्रश्न बरोबर आहे. काही उरत नाही. पण मग तसंही काही उरत नव्हतं. ज्या कमाईनं चहा येत नाही तिच्यासाठी आपण ओळखीच्या माणसाचा चेहरा कुणा अनोळख्याच्या हाती देतो, कसाही वापर म्हणून. हळकुंडं विका. नोटा विका. ठिबक विका. त्यांना काही वाटत नाही, आणि पैसे तिथंच जास्त आहेत.

अर्व्हिंग पेन नावाचा मोठा अमेरिकन फोटोग्राफर 1948 च्या डिसेंबरात पेरूमधल्या कुस्कोला गेला होता. तिथल्या एका गावठी फोटोग्राफरचा स्टुडिओ त्यानं काही दिवस भाड्यानं घेतला. नाताळ होता, लोक नेहमीप्रमाणं पैसे देऊन फोटो काढून घ्यायला येत होते. पेननं उलट त्यांनाच पैसे दिले. त्याचे ते फोटो आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पेनच्या उदारपणाचं मला काही सांगायचं नाही. त्याच्या मागं मोठं मासिक होतं. मला ते भाड्यानं घेतलेल्या स्टुडिओच्या मालकाचं कुतूहल वाटतं. त्याच्या जागी मी असतो तर परत आल्यावर गिऱ्हाइकांनी मला काय ऐकवलं असतं!

आता कायदा. मी वकील नाही, पण धंद्यापुरता वाचलाय. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हा कर्ता. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम 17 प्रमाणं पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाच्या फोटोंचा मालक पैसे मोजणारा नवरीचा बाप. आक्कांनी मला पैसे दिले नाहीत, उलट मी त्यांना फ्रेम दिली, म्हणून त्यांच्या फोटोचा मालक मी. मी जिवंत असेपर्यंत, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर मी मेल्यावरही साठ वर्षं. आक्कांच्या पणतूची पोरं म्हातारी होतील तोवर त्या चेहऱ्याचा फोटो माझ्या घराण्याचा.

फोटो माझा असला तरी चेहरा त्यांचा आहे, आणि कोर्टात आता तेच आलंय. 2025 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं एका खेड्यातल्या बाईंची याचिका आली. ओळखीच्या स्थानिक फोटोग्राफरनं फोटो काढला, त्यांना न विचारता अमेरिकन स्टॉक साइटवर टाकला, आणि तिथून तो केंद्र सरकार, महाराष्ट्रासह चार राज्यांची सरकारं आणि एक राष्ट्रीय पक्ष यांच्या जाहिरातींत गेला, असं त्यांचं म्हणणं. हे व्यावसायिक शोषण दिसतं असं मत नोंदवून न्यायालयानं सगळ्यांना नोटिसा काढल्या. ती बातमी मी स्टुडिओत उभ्यानं वाचली. त्या फोटोग्राफरच्या जागी मी स्वतःला ठेवून बघितलं. माझ्याकडं सही होती, एवढाच फरक. ती सही कशी घेतली होती ते वर सांगितलंच आहे.

आणि हे एकटंदुकटं नाही. 2024 च्या जुलैत तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत पुणे जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला आपला तीन वर्षांपासून बेपत्ता असलेला माणूस दिसला. 2021 मध्ये घरकुलाच्या जाहिरातीत पक्क्या घराची लाभार्थी म्हणून छापलेली कोलकात्याची बाई प्रत्यक्षात भाड्याच्या खोलीत राहत असल्याचं निघालं.

राज्य सरकारला माझा साधा प्रश्न आहे. तुमचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात माहिती कार्यालय आहे. योजनेचे लाभार्थी तुमच्याच यादीत आहेत. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी जाऊन, विचारून, गावातल्या फोटोग्राफरला दिवसाचे पैसे देऊन फोटो काढायला काय अडतं? जिला खरंच पैसे मिळाले तिचा चेहरा जाहिरातीला चालत नाही काय? आणि जाहिरातीत माणूस छापला तर त्याची संमती कुठं आहे हे जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रानंही विचारावं. हे मी ज्या पानावर लिहितोय त्याच्याच उलट्या बाजूला असा एखादा चेहरा असेल, म्हणून विचारतोय.

कुणी म्हणेल, आता यंत्रच चित्र काढून देतं, खरा माणूस लागतच नाही. बघितलीत ती चित्रं? मागं एका बँकेच्या पत्रकावर शेतकरी बाई होती: नऊवारी म्हणून काहीतरी नेसलेली, काष्टा नाही, कुंकू भुवईवर आणि दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले. शिवाय ही यंत्रंही शिकली कशावर? अडोबीनं 2023 मध्ये फायरफ्लाय काढलं तेव्हा ते आपल्या स्टॉक संग्रहावर शिकवल्याचं स्वतःच सांगितलं होतं. म्हणजे फिरून तेच, कुणाच्या तरी आक्का, कुणाचे तरी नाना.

मी काय केलं ते सांगतो; थोर काही नाही. माणसांचे सगळे फोटो साइटवरून काढले. हळद राहिली. घोंगडीसमोरचं काम चालू आहे, ते विकायचं नाही असं ठरवलंय. कुणी प्रकाशक पुस्तकासाठी आला तर निम्मं ज्याचं त्याला. आणि ज्याचा फोटो खरोखर विकायचाच आहे त्याच्यासाठी इंग्रजी फॉर्मआधी मराठीत चार वाक्यं लिहून ठेवलीत, ती मी मोठ्यानं वाचतो. हा फोटो मी विकणार आहे. कोण घेईल ते मला कळणार नाही. तेलाच्या, औषधाच्या, कर्जाच्या, पक्षाच्या जाहिरातीत तुम्ही दिसाल. एकदा गेला की परत घेता येत नाही.

वाचून दाखवल्यावर पहिल्या वीस जणांतले तिघे हो म्हणाले. पूर्वी वीसच्या वीस म्हणायचे. तिघांतले एक तात्या म्हणाले, “कर्जाच्या जाहिरातीत घाल, तेवढ्यानं तरी बँकवाला वळखंल.”

2023 चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा आला आहे. संमती मागताना ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय असावी असं त्यात म्हटलंय. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा उद्या कुणी कॅमेरावाला तुमच्या आईसमोर इंग्रजी कागद धरून “हितं सही करा” म्हणाला, तर मराठीतला मागा. तो माझा दोस्त असला तरी मागा. मी असलो तरी मागा.

आक्कांचा फोटो मी त्याच आठवड्यात साइटवरून काढला. पण त्याआधी ज्यांनी पैसे भरून घेतला त्यांचा परवाना त्यानं रद्द होत नाही, आणि ज्यांनी नुसताच उचलला त्यांचं काय सांगणार. कुठं दिसल्या तर या वर्तमानपत्राकडं कळवा. मागं काळी घोंगडी, हिरवं इरकल, हातात खुरपं, दुसरा हात गुडघ्यावर. गुडघे ठणठणीत आहेत.